नोटगेल्ड: जर्मन गावांनी छापलेल्या अडीनडीच्या नोटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या नोटांच्या गठ्ठ्यात एखादी रंगीत, बारकीशी जर्मन नोट सापडते आणि मग फोटो पाठवून विचारणा होते. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे एकदाच लिहून ठेवतो आहे. ज्याचे उत्तर दुसरीकडे आले आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नोटगेल्ड म्हणजे काय? यातली ‘नोट’ म्हणजे आपली कागदी नोटच ना?

नाही, आणि मराठी माणूस पहिला फसतो तो इथेच. जर्मनमध्ये ‘नोट’ म्हणजे नड, अडचण, आणि ‘गेल्ड’ म्हणजे पैसा. नोटगेल्ड म्हणजे अडीनडीचा पैसा. तो कागदाचाच असतो असेही नाही. लोखंडाचा, जस्ताचा, चिनी मातीचा, चामड्याचा नोटगेल्डही आहे (प्रश्न १० पाहा). सरकारी चलन पुरत नव्हते तेव्हा शहरे, गावे, जिल्हे, बचत बँका, खाणी आणि कारखाने यांनी आपापल्या नावावर जे काढले, ते सगळे नोटगेल्ड. काळ साधारण १९१४ ते १९२४.

२. देशात सरकार होते, बँक होती. मग गावांवर ही वेळ का आली?

एकदा नाही, तीन-चारदा आली, आणि प्रत्येक वेळचे कारण वेगळे होते. हे नीट समजले की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

पहिली वेळ जुलै-ऑगस्ट १९१४. युद्ध पेटणार हे दिसताच लोकांनी सोन्याची नाणी दडवली, पाठोपाठ चांदीचीही. राइश्सबँकेने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, नोटेच्या बदल्यात सोने देणे थांबवले. व्यवहारातल्या नोटा मोठ्या रकमेच्या, आणि मजुराच्या हातावर आठवड्याचे पाच-पंचवीस मार्क ठेवायला सुटे नाहीत. तेव्हा काही गावांनी आणि कारखान्यांनी साध्या चिठ्ठ्या छापल्या: शिक्का, सही, रक्कम, बस. सरकारने ऑगस्ट १९१४ मध्ये १, २ आणि ५ मार्कांच्या कर्जनिधी-नोटा काढल्या आणि ही टंचाई ओसरली.

दुसरी वेळ १९१६ च्या सुमारास, आणि ती लांबली. तोफगोळे, काडतुसे आणि पोलाद यांसाठी तांबे आणि निकेल हवे होते, ते नाण्यांतून काढून घेतले गेले. बदली म्हणून ५ आणि १० फेनिगची लोखंडी नाणी आली, १ फेनिगचे ॲल्युमिनियमचे आले, १० फेनिगचे जस्ताचेही आले. पुरी पडली नाहीत. अर्ध्या मार्काचे चांदीचे नाणे तर घराघरांतल्या डब्यांत गेले ते गेलेच. (१०० फेनिग म्हणजे १ मार्क, हे लक्षात ठेवा.) ट्रामचे तिकीट, पाव, वर्तमानपत्र घेताना रोज सुट्ट्यांची वानवा. आपल्याकडे दुकानदार रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवतो. तिथे गावानेच १०, २५, ५० फेनिगचे कागद छापले.

तिसरी वेळ १९१८ च्या शरदात. युद्ध हरत आलेले, लोक बँकेतून रोख काढून घेत होते आणि राइश्सबँकेचा छापखाना मागे पडत होता. मोठ्या शहरांना बँकेनेच सांगितले की तुम्ही नोटा काढा. त्यामुळे ५, १०, २०, ५० मार्कांच्या त्या काळच्या शहरी नोटा दिसतात.

चौथी वेळ महागाईची. तिच्यावर वेगळे लिहिले आहे (प्रश्न ८).

३. ही कायदेशीर नोट होती का? शेजारच्या गावात चालायची?

कायदेशीर चलन नव्हते. नोटेवर बहुधा ‘गुटशाइन’ असा शब्द दिसेल. त्याचा अर्थ आपण ‘कूपन’ किंवा ‘चिठ्ठी’ म्हणू तोच. अमुक रक्कम आमच्या तिजोरीतून मिळेल, असे गावाने दिलेले वचन. कोणावरही ती घेण्याची सक्ती नव्हती, पण नगरपालिका स्वतः करापोटी घेते म्हटल्यावर वाणी आणि खाटीकही घेत. शेजारच्या गावात चालणे हे ओळखीवर आणि अंतरावर. दोन स्टेशने पुढे गेलात की दुकानदार नोट उलटसुलट करून पाहणार.

४. माझ्या नोटेवर राइश्सबँक असे छापले आहे आणि रक्कम अब्जावधी आहे. हे नोटगेल्डच ना?

नाही. ते देशाचे अधिकृत चलन. महागाईच्या काळातले असल्यामुळे लोक सर्रास नोटगेल्ड म्हणून विकतात, पण ते चूक आहे. तसेच १९१४ च्या तारखेच्या कर्जनिधी-नोटा, म्हणजे ‘डार्लेहेन्सकासेनशाइन’, याही सरकारी. गंमत म्हणजे १००० मार्कांची डिसेंबर १९२२ ची राइश्सबँकेची नोट घेऊन तिच्यावर लाल शाईत एक अब्ज असा ठसा मारलेली नोट फार आढळते. ठसा आहे म्हणून कोणा गावाचे काम असेल असे वाटते, पण ते बँकेने स्वतःच केले. नोट कोणी काढली ते नाव वाचा, एवढाच नियम.

५. मला जर्मन येत नाही. नोटेवर काय शोधू?

चार गोष्टी शोधा. पहिली, काढणारा: ‘श्टाट’ म्हणजे शहर, ‘गेमाइंडे’ म्हणजे गाव किंवा ग्रामपंचायत, ‘क्राइस’ म्हणजे साधारण आपला तालुका-जिल्हा, ‘श्पारकासे’ म्हणजे बचत बँक. दुसरी, तारीख. तिसरी, मुदत: ‘ग्युल्टिश बिस’ या शब्दांपुढे जी तारीख असते तोपर्यंत नोट चालणार. तारखेऐवजी ‘स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर केल्यापासून एक महिना’ असेही असू शकते. चौथी, रद्द केल्याची खूण: ‘उनग्युल्टिश’ किंवा ‘एंटव्हेर्टेट’ असा शिक्का, नाहीतर पंच मारून पाडलेले भोक.

अक्षरे अनेकदा जुन्या काटेरी वळणाची असतात. त्यांत शब्दाच्या मधले ‘एस’ हे ‘एफ’सारखे दिसते. गावाचे नाव नकाशावर सापडत नसेल तर नव्वद टक्के वेळा हाच घोळ असतो, हा माझा अनुभव. शिवाय तेव्हाची कित्येक जर्मन गावे आज पोलंडमध्ये आहेत आणि त्यांची नावेही बदलली आहेत. तेव्हा फक्त आजच्या जर्मनीत शोधू नका.

६. माझ्याकडे एकाच गावाच्या सहा नोटा आहेत, कोऱ्या करकरीत, प्रत्येकीवर वेगळे चित्र. शंभर वर्षांत एक घडीही कशी पडली नाही?

कारण त्या कधी बाजारात गेल्याच नाहीत. या ‘झेरिएनशाइने’, म्हणजे मालिकेच्या नोटा. बहर १९२०-२१ चा, १९२२ पर्यंतचा.

झाले असे की युद्धातल्या गावोगावच्या सुट्ट्या नोटा लोक जमवू लागले. गावांच्या लक्षात आले की जमवलेली नोट परत येत नाही. वचन दिले ५० फेनिगचे, छपाईला लागले थोडे, आणि नोट गेली कोणाच्या तरी अल्बममध्ये. उरलेला पैसा गावाच्या तिजोरीत. मग काय, एका चित्राऐवजी सहा, सहाऐवजी बारा. स्थानिक चित्रकारांना काम मिळाले, छापखान्यांना काम मिळाले, व्यापारी टपालाने संच पाठवू लागले. अल्बम निघाले. गावेच नव्हेत, क्लब आणि खाणावळीही नोटा काढू लागल्या. काहींची मुदत इतकी तोकडी की नोट वटवायला जाईपर्यंत संपावी. शेवटी सरकारने जुलै १९२२ मध्ये कायदा करून परवानगीशिवाय नोटगेल्ड काढायला बंदी घातली.

माझे मत विचाराल तर या नोटा देखण्या आहेत, पण त्यांना नोटा म्हणताना जीभ थोडी अडखळते. १९१७ ची, मळकट कागदाची, एकाच रंगात छापलेली, कोपरे झिजलेली १० फेनिगची चिठ्ठी हातात घ्या. तिने खरोखर पाव विकत घेतलेला असतो.

७. या चित्रांत असते तरी काय?

गावाला ज्याचा अभिमान, ते. हामेल्नच्या नोटांवर उंदीर पळवणारा बासरीवाला, तोच जो आपण ‘हॅमेलिनचा’ म्हणून ओळखतो. बोडेनव्हेर्डरच्या नोटांवर थापाड्या बॅरन म्युंशहाउझेन, कारण तो तिथला. ब्राउनश्वाइगच्या नोटांवर टिल ऑयलेनश्पीगल, जो मोठ्यामोठ्यांची फजिती करतो. त्याचे किस्से ऐकताना आपल्याला तेनालीराम आठवतो. हार्झ डोंगरातल्या गावांनी चेटकिणी नाचवल्या. ख्रिस्ती धर्मसुधारक लूथरशी नाते सांगणाऱ्या गावांनी लूथर छापला.

नाउमबुर्गचा संच मला सगळ्यांत आवडतो. दंतकथा अशी की १४३२ मध्ये हुसाइट या बंडखोर ख्रिस्ती पंथाच्या सैन्याने शहराला वेढा घातला, तेव्हा लहान मुले सेनापतीपुढे दयेची याचना करत गेली. त्याचे मन द्रवले आणि त्याने मुलांना चेरी दिल्या. वाल्टर हेगे यांनी ही गोष्ट काळ्या छायाकृतींमध्ये मांडली. रंग मोजके, पण हालचाल अशी की मुलांची रांग चालताना दिसते.

सगळेच गोड नाही. १९२० मध्ये श्लेस्विगमध्ये जर्मनीत राहायचे की डेन्मार्कमध्ये जायचे यावर लोकमत झाले, तेव्हा तिथल्या नोटा उघड प्रचारपत्रके बनल्या. युद्धात हरल्याचा संताप, गेलेल्या प्रांतांचे दुःख, नफेखोरांवरची चिडचिड हेही आहे. आणि काही नोटांवर ज्यूंचा द्वेष उघडपणे चितारलेला आहे, हिटलर सत्तेवर येण्याच्या दहा-बारा वर्षे आधी, नगरपालिकेच्या सहीनिशी. अशी नोट संग्रहात ठेवायची तर ती काय आहे हे शेजारी लिहून ठेवा. ‘मजेशीर चित्र’ म्हणून पुढे पाठवू नका.

८. मग लाखो-कोटी मार्कांच्या नोटा कोणी आणि का काढल्या?

१९२२ च्या उत्तरार्धात मार्क कोसळू लागला. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमचे सैन्य रूर या जर्मनीच्या औद्योगिक खोऱ्यात शिरले. तिथल्या कामगारांनी काम थांबवून प्रतिकार केला आणि त्यांचा खर्च सरकारने नोटा छापून भागवला. युद्धाआधी डॉलर ४.२० मार्कांना होता. जानेवारी १९२३ मध्ये तो १८ हजारांच्या आसपास होता, आणि २० नोव्हेंबर १९२३ रोजी ४.२ लाख कोटींना.

पगार रोज, कधी दिवसातून दोनदा. राइश्सबँकेने १३३ छापखाने कामाला लावले तरी नोटा पोचेपर्यंत त्यांची किंमत उरत नसे. म्हणून बंदी बाजूला पडली आणि पाच हजारांहून जास्त ठिकाणांहून नोटगेल्ड निघाले: शहरे, रेल्वे, एसेनच्या क्रुपसारखे कारखाने. परवानगी कोणी घेतली, कोणी घेतली नाही. १९२० च्या देखण्या मालिकांशी या नोटांचे काही नाते नाही. कागद मिळेल तो, शाई मिळेल ती, आणि जुन्या नोटेवर नवा आकडा ठोकायचा.

यात एक अपवाद सुंदर आहे. थुरिंगिया प्रांताच्या बँकेने १९२३ मध्ये आपल्या नोटांची रचना व्हायमारच्या बाउहाउस कलाशाळेतल्या हर्बर्ट बायर या विद्यार्थ्याकडे दिली. वय तेवीस. वेलबुट्टी नाही, राजाचे डोके नाही. जाड ठळक आकडे आणि रंगाचे पट्टे. घाईचे काम होते, आणि त्या घाईलाच त्याने रूप दिले.

९. नोटेवर ‘बिलियन’ लिहिले आहे. म्हणजे शंभर कोटी ना?

नाही. फार जणांचा हिशेब इथे हजारपटीने चुकतो. इंग्रजी वळणाचा बिलियन म्हणजे आपला अब्ज, शंभर कोटी. जर्मनमध्ये त्याला ‘मिलिआर्डे’ म्हणतात. जर्मन ‘बिलियन’ म्हणजे एकावर बारा शून्ये, आपल्या भाषेत लाख कोटी. जुन्या संख्यावाचनात त्याला महापद्म म्हणतात. शाळेत अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म घोकताना याचा उपयोग कुठे होणार असे वाटायचे. १९२३ च्या जर्मनीत झाला असता.

राइश्सबँकेची सर्वांत मोठी नोट १०० जर्मन बिलियनची, म्हणजे एकावर चौदा शून्ये, म्हणजे अक्षरशः कोटी कोटी. (ती अर्थात नोटगेल्ड नाही, प्रश्न ४ पाहा.)

१०. रेशमाची नोट खरी असते का? विक्रेता म्हणतो जर्मन आहे.

असते. बीलेफेल्ड हे कापडाचे शहर. तिथल्या शहर बचत बँकेने, पाउल हांके या संचालकाच्या काळात, रेशमावर, लिननवर, मखमलीवर नोटा छापल्या. काहींना लेसची किनार आहे. त्या संग्राहकांसाठीच होत्या आणि चांगल्या खपल्या. ओस्टरव्हीक या चामड्याच्या गावाने चामड्यावर छापल्या. माइसेनच्या चिनी मातीच्या कारखान्याने १९२०-२१ मध्ये तपकिरी मातीची नाणी भाजली, काही गावांच्या नावाने आणि काही सॅक्सनी राज्याच्या नावाने. टपाल तिकीट पारदर्शक झाकणाच्या गोल डबीत घालून नाण्यासारखे वापरले जाई. पाठीमागे एखाद्या दुकानाची जाहिरात.

कापडावरची प्रत्येक नोट मात्र खरी समजू नका. नंतर केलेल्या नकलाही फिरतात.

११. एका नोटेवर रकमेऐवजी राय धान्याचे वजन आहे. छपाईची चूक?

चूक नाही, शहाणपण. १९२३ च्या अखेरीस मार्कावर कोणाचाच विश्वास उरला नाही, तेव्हा स्थिर मूल्याचा नोटगेल्ड निघाला. राय, कोळसा, लाकूड, गॅस, विजेची युनिटे यांत रक्कम मांडलेली. बरेच ठिकाणी युद्धापूर्वीच्या सोन्याच्या मार्कात, आणि शेजारी डॉलरमध्ये. १ डॉलर बरोबर ४.२० मार्क हा युद्धापूर्वीचा दर असतो. म्हणून १ डॉलरच्या दहाव्या भागापुढे ०.४२ सोन्याचा मार्क दिसला तर ते अगदी योग्य.

१५ नोव्हेंबर १९२३ पासून रेंटेनमार्क आला. एक लाख कोटी कागदी मार्कांना एक. बारा शून्ये पुसली गेली आणि डॉलर पुन्हा ४.२० वर. पुढच्या वर्षभरात गावांचा पैसा परत घेतला गेला.

१२. आज बँकेत बदलून काही मिळेल का? विकली तर?

बदलून काहीच नाही. मुदती शंभर वर्षांपूर्वी संपल्या. विकताना रकमेकडे पाहूच नका. पाचशे कोटींची नोट किरकोळ निघते आणि १९१४ ची २ मार्कांची चिठ्ठी चांगला भाव खाते, कारण ती थोडी छापली, वापरली गेली आणि परत घेऊन नष्ट केली गेली. मालिकेच्या नोटा (प्रश्न ६) जर्मनीत आजही गठ्ठ्याने विकल्या जातात. एका प्रदर्शनात मीच ‘दुर्मीळ’ ऐकून अशी एक नोट भलत्या भावात घेतली होती. घरी येऊन पाहिले तर तसलीच आणखी दोन आधीच्या गठ्ठ्यात होती.

१३. नोटेची मागची बाजू कोरी आहे. बनावट?

तेवढ्यावरून नाही. १९१४ मध्ये आणि पुन्हा १९२३ मध्ये एका बाजूने छापून मोकळे होण्याची पद्धत होती. वेळ नव्हता. मागच्या कोऱ्या बाजूवर नंतरचा राजकीय मजकूरही असू शकतो. नाझी प्रचारकांनी कवडीमोल झालेल्या नोटांवर असे छापून वाटले होते. तो मजकूर नोट काढणाऱ्याचा नसतो.

१४. युद्धकैद्यांच्या छावणीतल्या नोटा यात येतात का?

संग्राहक त्या वेगळ्या ठेवतात. पळून जाताना उपयोगी पडू नये म्हणून कैद्याला खरा पैसा देत नसत. छावणीपुरती कूपने असत. पहिल्या महायुद्धात बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फमध्ये भारतीय कैदी होते, त्यामुळे आपल्याकडे या कूपनांबद्दल विशेष कुतूहल असते. नोटेवर छावणीचे नाव छापलेले असेल तरच मान्य करा. विक्रेत्याच्या गोष्टीवर जाऊ नका.

ऑस्ट्रियातल्या हेलरच्या (तिथल्या सुट्ट्या पैशाच्या) नोटा वेगळ्या. चलन वेगळे, देश वेगळा, पण १९२० च्या सुमारास संग्राहकांची लाट तशीच. फ्रान्समध्ये हेच काम व्यापारी मंडळांनी केले.

१५. भारतात असे कधी झाले का?

टंचाई झाली, तोडगा वेगळा निघाला. पहिल्या महायुद्धात चांदी मिळेना म्हणून १९१७ ची एक रुपयाची नोट आली, आणि मग अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची. दोन्ही सरकारी. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला. नोटगेल्डच्या सर्वांत जवळ जातात ती त्याच काळात काठेवाड-राजपुतान्यातल्या काही संस्थानांनी काढलेली पुठ्ठ्याची छोटी कॅश कूपने. कारण तेच, सुट्टे नाहीत.

१६. नोट जुनी झाली आहे, लॅमिनेट करू का? फाटली तिथे चिकटपट्टी लावू?

दोन्ही नको. पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवा, उन्हापासून लांब. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलची पुडी टाका. १९१७-२३ चा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि मुळातच अल्पायुषी, घडी उलगडताना तुटतो. चामड्याची नोट कागदी नोटांच्या गठ्ठ्यात कधीच ठेवू नका, डाग पडतात. माझ्या नाउमबुर्गच्या एका चेरीवर असा डाग आहे.